पंडिता रमाबाई : विद्येला हुन्नराची जोड देणारी माउली

आपल्या जालना जिल्ह्यातील माणसास दुष्काळ हा शब्द नवा नाही. सन १९७२ च्या दुष्काळात आपल्या आजी-आजोबांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली; सन २०१२-१३ च्या उन्हाळ्यात शहरातील लोक पाण्याच्या टँकरची वाट पाहत घागरी घेऊन उभे राहिले. असा काळ आला म्हणजे शेतातील पीक जाते, गोठ्यातील जनावर जाते, आणि घरातील भांडेही बाजारात जाते. तथापि ज्याच्या हातात एखादा हुन्नर आहे त्याचा हुन्नर कोणी नेऊ शकत नाही. पाऊस पडल्यावर असा मनुष्य पुन्हा आपल्या पायांवर उभा राहतो. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला मात्र दुसऱ्याच्या दारी जावे लागते.

ही गोष्ट एका मुलीने वयाच्या सोळाव्या वर्षी आईबापांच्या मृत्यूची किंमत देऊन शिकून घेतली. पुढे त्या मुलीने आपले सर्व आयुष्य, कसलाही पगार न घेता, इतर मुलींना स्वतःची भाकरी स्वतः मिळविता यावी म्हणून वेचले. ती मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. बालमित्रहो, त्यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांच्या विद्वत्तेच्या व प्रवासाच्या कथाही पुष्कळांस ठाऊक आहेत. येथे मात्र त्यांचे चरित्र एका विशेष दृष्टीने सांगावयाचे योजिले आहे. शिक्षण आणि पोटापाण्याचा उद्योग यांची गाठ त्यांनी कशी घातली, हे आपणांस पाहावयाचे आहे.

रमाबाईंचा जन्म दि. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे मोठे पंडित होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असे सर्व लोक मानीत असता त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती भाषा शिकविली, आणि लक्ष्मीबाईंनी पुढे आपल्या मुलीला शिकविली. रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच हे कुटुंब घरदार सोडून तीर्थयात्रेस निघाले. त्या तान्ह्या मुलीला वेताच्या पेटीत ठेवून डोंगराखाली आणले होते. पुढील सर्व बालपण देवळांत, धर्मशाळांत आणि वाटेवर गेले. शास्त्रीबोवांनी तीर्थांच्या ठिकाणी पुराण सांगावे, लोकांनी दक्षिणा व शिधा द्यावा, आणि त्यावर घर चालावे, असा क्रम होता. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना लहानपणीच मुखोद्गत झाले होते.

ह्या घरात विद्या भरपूर होती. परंतु तिच्या जोरावर संकटकाळी दोन पैसे मिळविता येतील अशी सोय नव्हती. ब्राह्मणाने अंगमेहनतीचे काम करणे हलके, अशी त्या काळची समजूत होती, आणि कोणताही व्यवहारोपयोगी धंदा मुलांना शिकविलेला नव्हता. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा ह्याचे फळ भोगावे लागले. पुराण ऐकावयास कोणी येईना. दक्षिणा देण्याची कोणाची ऐपत राहिली नाही. होते नव्हते ते दागिने व भांडी विकून झाली. अखेरीस हे सुशिक्षित कुटुंब रानातील पाला व फळे खाऊन दिवस काढू लागले. भीक मागण्यापेक्षा तळ्यात जलसमाधी घ्यावी, असे वृद्ध अनंतशास्त्र्यांच्या मनाने घेतले. त्या वेळी रमाबाईंचे बंधू श्रीनिवास ह्यांनी मनाशी निश्चय केला की, कुळाचा अभिमान बाजूस ठेवून आपण मजुरी करू, पण वडिलांना असे मरू देणार नाही. परंतु हा निश्चय होण्यास उशीर झाला होता. सन १८७४ मध्ये अनंतशास्त्री उपासमारीने खंगून वारले, आणि थोड्याच आठवड्यांत लक्ष्मीबाईही गेल्या. आईचे प्रेत उचलावयास पुरेशी माणसे मिळेनात, म्हणून सोळा वर्षांच्या रमाबाईंनी स्वतः तिरडीला खांदा दिला. पुढे वडील बहीणही वारली.

आता बहीणभाऊ दोघेच उरली. दोघांनी सुमारे ४,००० मैलांची पायपीट करून दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत देश पालथा घातला. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव करण्यासाठी वाळूत खड्डे खणून त्यांत ती दोघे निजली, आणि अंगावर वाळूच पांघरूण म्हणून ओढून घेतली. असे अनेक उपवास व अनेक रात्री काढून सन १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली, आणि ते चकित झाले. त्यांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या.

सन १८८० मध्ये बंधू श्रीनिवास वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी रमाबाईंचा विवाह झाला. हा विवाह जातिबंधन मोडून झालेला होता. सन १८८१ च्या एप्रिलात कन्या मनोरमा जन्मली, आणि सन १८८२ च्या फेब्रुवारीत पती कॉलऱ्याने वारले. अशा रीतीने २३ वर्षांच्या वयात रमाबाई विधवा झाल्या. कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती. त्या काळी अशा स्त्रीपुढे नातलगांच्या घरी राबण्याखेरीज दुसरी वाट नसे. रमाबाईंना तर तसे नातलगही नव्हते.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे व इतर सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. ह्या साक्षीत त्यांनी दोन गोष्टी आग्रहाने मागितल्या. मुलींच्या शाळांसाठी स्त्रियांना शिक्षिका म्हणून तयार करावे, ही पहिली. आणि स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण द्यावे, ही दुसरी. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. स्त्रियांनी वाचावयास शिकावे एवढेच ज्या काळी धाडसाचे वाटे, त्या काळी ह्या बाई स्त्रियांसाठी धंद्याचे शिक्षण मागत होत्या.

स्वतः वैद्यकी शिकावी अशी त्यांची इच्छा होती. विलायतेस जाण्यास पैसा नव्हता, म्हणून त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ नावाचे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीतून प्रवासाचा खर्च उभा केला. सन १८८३ मध्ये त्या इंग्लंडात वाँटेज येथील भगिनींच्या मठात जाऊन राहिल्या. तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. परंतु कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला. एक दार बंद झाले म्हणून त्या हात जोडून बसल्या नाहीत. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात त्या स्वतः इंग्रजी, गणित, शास्त्र इत्यादी विषय शिकत, आणि संस्कृत शिकवीत. अर्थात पहाटेपासून रात्रीपर्यंत त्या एकाच दिवसात विद्यार्थिनीही असत आणि शिक्षिकाही असत.

सन १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे गेल्या. काही दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई तेथे दोन वर्षांहून अधिक राहिल्या. फ्रोबेल नावाच्या जर्मन शिक्षकाने लहान मुलांना खेळांतून व हातांच्या कामांतून शिकविण्याची जी पद्धत काढली होती, तिचा त्यांनी अभ्यास केला. मुलाच्या हातात माती, काठ्या, रंगीत कागद व सुईदोरा दिला म्हणजे त्याचा हात व त्याची बुद्धी एकमेकांच्या मदतीने वाढतात, हे तत्त्व त्यांच्या मनात खोल रुजले. सन १८८७ मध्ये त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याचा फार खप झाला. त्याच वर्षी बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी एक मंडळी स्थापन झाली, आणि तिने दहा वर्षे खर्च चालविण्याचे मान्य केले.

स्वदेशी परत आल्यावर दि. ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत ‘शारदासदन’ उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास नेण्यात आले. तरुण विधवांना आश्रय द्यावा आणि शिक्षिका, दाई, परिचारिका किंवा अशाच एखाद्या कामासाठी तयार करावे, हा त्याचा हेतू होता. गोदूबाई नावाच्या एका बालविधवेने येथे अगदी आरंभी प्रवेश घेतला. सन १८९३ मध्ये तिचा प्रो. धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाह झाला, आणि आनंदीबाई कर्वे ह्या नावाने पतीच्या कार्यात तिने जन्मभर साथ दिली. रमाबाईंनी लाविलेल्या रोपाची सावली अशी दुसऱ्याच्या अंगणातही पडली.

ह्याच वर्षी शारदासदनावर वादळ आले. सदनातील काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे आहे असे दिसून आल्यावर वर्तमानपत्रांत कडक टीका झाली. सल्लागार मंडळातील रानडे व भांडारकर ह्यांच्यासारख्या थोर गृहस्थांनी आपले अंग काढून घेतले, आणि अनेक पालकांनी मुलींना घरी नेले. कोणाचे किती चुकले ह्याविषयी त्या वेळी मतभेद होते आणि आजही आहेत. आपणांस एवढेच पाहावयाचे की, रिकाम्या झालेल्या वर्गांतही रमाबाईंनी शिकविणे सोडले नाही.

सन १८९६ मध्ये मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बातमी कानी येताच रमाबाईंपुढे आपल्या वडिलांचा तो शेवटचा वनवास उभा राहिला. त्या स्वतः तेथे गेल्या. अन्नछत्रांच्या आसपास अनाथ मुली हाडांचे सापळे होऊन पडलेल्या होत्या, आणि दुष्ट माणसे त्यांना फसवून नेत होती. रमाबाईंनी शेकडो मुली व तरुण स्त्रिया बरोबर आणल्या. इतक्यात पुण्यात प्लेग सुरू झाला, आणि शहरात इतकी माणसे ठेवण्यास परवानगी मिळेना. सुदैवाने पुण्याच्या पूर्वेस रेल्वेच्या वाटेवर केडगाव येथे त्यांनी आधीच सुमारे १०० एकर जमीन घेऊन ठेविली होती. फळबाग करून तिच्या उत्पन्नावर संस्था चालवावी, असा त्यांचा बेत होता. त्या उघड्या माळावर तंबू ठोकून वसाहत सुरू झाली. सन १८९८ मध्ये तेथे पक्क्या इमारतीचा पाया घातला गेला, आणि त्या स्थानास ‘मुक्ती’ हे नाव मिळाले. सन १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

वाचकहो, एवढ्या माणसांना दोन वेळ जेवू घालणे हेच केवढे काम! दुसऱ्या कोणी तेवढ्यावरच समाधान मानले असते. परंतु दुष्काळ संपल्यावर ह्या मुली कोठे जाणार, हा प्रश्न रमाबाईंच्या मनात पहिल्या दिवसापासून होता. आईबाप नाहीत, जमीन नाही, अक्षराची ओळख नाही, अशा मुलीला केवळ पोसून मोठी केली तर ती आयुष्यभर परक्याच्या ताटाकडे पाहत राहील. म्हणून त्यांनी वसाहतीच्या नित्याच्या गरजांनाच शाळा बनविले. कपडा तर हवाच. मग हातमाग घातले आणि मुली विणावयास व शिवावयास शिकल्या. तेल हवे, म्हणून घाणा बसविला. दूध हवे, म्हणून गुरे पाळली. धान्य व भाजी हवी, म्हणून विहिरी खणून शेती व बाग केली. इतक्या माणसांचे कपडे धुणे, पाव भाजणे, मोठ्या चुली सांभाळणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे, ह्या प्रत्येक कामाचा एक एक विभाग झाला. मोठ्या मुलीने काम शिकावे व मग धाकट्या मुलीला शिकवावे, असा परिपाठ पडला. त्यामुळे जी काल शिकत होती ती आज शिकवू लागली, आणि आपणही कोणाच्या उपयोगी पडतो हे तिला प्रथमच कळले.

सर्व मुलींना एकाच साच्यात घालण्याची चूक रमाबाईंनी केली नाही. जिची बुद्धी अभ्यासात चाले तिला शिक्षिका होण्यासाठी पुढे शिकविले. जिचा स्वभाव मायाळू, तिला रुग्णांची सेवा किंवा लहान मुलांचे संगोपन दिले. जिचे मन पुस्तकात लागेना तिला शेतात, गोठ्यात वा मागावर काम दिले, आणि तिला कोणी कमी लेखू नये ह्याविषयी दक्षता बाळगली. दृष्टिहीन स्त्रियाही येथे होत्या. रमाबाईंची कन्या मनोरमा हिने बोटांच्या स्पर्शाने वाचावयाची ब्रेल लिपी शिकून घेऊन त्यांना वाचावयास शिकविले.

मुक्तीतील छापखाना हा तर विशेष सांगण्याजोगा आहे. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास करून बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यास आरंभ केला. खेड्यातील साध्या बाईलाही समजावे, अशी त्यांची दृष्टी होती. हा ग्रंथ छापण्याचे काम बाहेर दिले नाही. दुष्काळात वाचलेल्या मुलींनीच खिळे जुळविले, यंत्र चालविले आणि पाने बांधली. ज्या मुलींना काही वर्षांपूर्वी स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, त्यांच्या बोटांखालून एका प्रचंड ग्रंथाच्या ओळी तयार होऊन बाहेर पडत होत्या. छापखान्याचे काम पुरुषांचे, अशी समजूत असलेल्या त्या काळी हे दृश्य पाहून पाहुणे थक्क होत.

हे सर्व काम पगारी माणसांच्या बळावर झालेले नाही. रमाबाई स्वतः वेतन घेत नसत. त्यांचा पोशाख जाड्याभरड्या पांढऱ्या कपड्याचा असे, आणि राहणी मुलींच्यासारखीच असे. त्यांच्याभोवती स्वखुशीने श्रम देणाऱ्या स्त्रियांचा मेळा जमला. सुंदराबाई पवार ह्यांनी दुष्काळाच्या काळात मोठे साह्य केले. सन १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या तेव्हा मिनी अब्राम्स ह्या अमेरिकन बाई मुक्तीच्या मदतीला आल्या, आणि पुढे कित्येक वर्षे तेथेच राबल्या. ह्या स्त्रियांनी आपल्याला येत होते ते दुसऱ्याला शिकविले, एवढेच. परंतु ते रोज केले, आणि न कंटाळता केले.

मराठवाड्यातील वाचकांस एक गोष्ट जवळची वाटेल. सन १९१२ च्या सुमारास रमाबाईंनी निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथे शाळा काढली, आणि तिची जबाबदारी मनोरमाबाईंवर सोपविली. त्या काळी आपला जालनाही त्याच राज्यात होता. मुलींच्या शिक्षणाची सोय त्या मुलखात फारच थोडी होती, म्हणूनच त्यांनी तो मुलूख निवडला.

सन १९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. परंतु सन्मानापाठोपाठ मोठे दुःख आले. जिच्या हाती सर्व कार्य द्यावयाचे ती मनोरमा दि. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, वारली. रमाबाई त्या आघाताने खचल्या, तरी भाषांतराचे काम त्यांनी हातावेगळे केले. ते पुरे झाल्यावर थोड्याच काळाने, दि. ५ एप्रिल १९२२ रोजी, झोपेतच त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांचा ग्रंथ सन १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. केडगावची मुक्ती संस्था आजही चालू आहे, आणि निराधार स्त्रिया व मुले तेथे आश्रय घेतात.

ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावे? पालकांना प्रथम विनंती करावीशी वाटते. आपला मुलगा कारखान्यात यंत्र शिकू लागला, किंवा मुलगी शिवण वा परिचारिकेचे काम शिकू लागली, तर त्यात कमीपणा मानू नये. अनंतशास्त्र्यांच्या घरी विद्येची उणीव नव्हती. हातांच्या कामाची लाज मात्र होती, आणि ती लाज फार महाग पडली. आज आपल्या जालन्यात बियाण्यांचे उद्योग आहेत, लोखंडाच्या गिरण्या आहेत, औद्योगिक प्रशिक्षणाची शाळा आहे. तरीही दरवर्षी जिल्ह्यातील किती तरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गाव सोडतात, आणि त्यांच्याबरोबर शाळेचे वय असलेली मुलेही जातात. ह्या मुलांच्या हाती काही हुन्नर पडेल काय, हा आपल्या सर्वांचा प्रश्न आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला आणखी एक सांगणे आहे. परोपकार करण्यास मोठी इस्टेट लागते, असे समजू नका. आपल्या शहराजवळच रे. नारायण शेषाद्री ह्यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल हे गाव वसविले. त्या गावाच्या वाटेने तुमच्यापैकी कित्येक जण रोज शाळेस येतात. अशा माणसांनी आरंभ केला तेव्हा त्यांच्यापाशी विश्वास आणि श्रम हेच मुख्य भांडवल होते. तुमच्यापाशीही काही आहेच. ज्याला हिशेब येतो त्याने शेजारच्या मुलाला हिशेब शिकवावा. ज्याला इंग्रजी अर्ज लिहिता येतो त्याने नोकरीसाठी धडपडणाऱ्या तरुणाला तो लिहून न देता लिहावयास शिकवावे. जिला शिवणयंत्र चालविता येते तिने सुटीत दोन मैत्रिणींना ते शिकवावे. जे माजी विद्यार्थी आज गिरणीत, बँकेत वा दवाखान्यात काम करीत आहेत, त्यांनी महिन्यातून एक शनिवार शाळेत येऊन आपल्या कामाची माहिती वरच्या वर्गांतील मुलांना सांगावी.

झेलमच्या थंड वाळूत निजलेली ती मुलगी पुढे हजारो मुलींची आई झाली. आपल्यावर जी वेळ आली ती दुसऱ्या कोणा मुलीवर येऊ नये, एवढीच तिची इच्छा होती, आणि त्या इच्छेसाठी तिने आयुष्यभर काम केले. ह्या वर्षी परीक्षा आटोपून सुटी लागेल तेव्हा आपल्या आळीत किंवा वाडीत असा एखादा मुलगा वा मुलगी आहे काय, हे प्रत्येकाने एकदा पाहावे. असेल, तर त्याला हाक मारून जवळ बसवावे आणि आपल्याला जे येते त्याचा पहिला धडा द्यावा.